लॅपटॉपमधून काढलेली एसएसडी: एन्क्लोजर घेण्याआधी आणि घेतल्यावर

लॅपटॉपमध्ये एक टीबीची नवी एसएसडी बसवली की जुनी २५६ किंवा ५१२ जीबीची हातात उरते. ती खणात पडू देण्यापेक्षा एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीला लागणाऱ्या डब्यात, बसवली, तर कुठल्याही पेन ड्राइव्हपेक्षा चांगली पोर्टेबल ड्राइव्ह तयार होते. अडचण एन्क्लोजर निवडण्यात आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं, तर काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे डबे समोर ठेवले जातात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात आणि प्रत्येक खोक्यावर वेगाचा मोठा आकडा असतो. म्हणून घरातून निघण्याआधीच दोन गोष्टी पक्क्या करायच्या: हातातली एसएसडी कुठल्या जातीची आहे, आणि ती ज्या पोर्टला लागणार त्याची कुवत किती. ह्या दोन्ही कळल्या की निम्मे डबे आपोआप बाद होतात.

दुकानात ह्याला केस, केसिंग, एन्क्लोजर असं काहीही म्हणतात. 'कॅडी' मात्र मागू नका. त्या नावाने लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणारी चौकट मिळते, आणि ती यूएसबीला लागत नाही.

आधी एसएसडी ओळखा

अडीच इंची साटा (ड्राइव्ह जोडायची जुनी, कमी वेगाची पद्धत) एसएसडी ओळखायला सोपी. चपटी डबी, जाडी बहुतेक वेळा ७ मिमी, आणि एका कडेला दोन आडव्या पट्ट्यांचा कनेक्टर, एक लहान आणि एक मोठी. हिच्यासाठी कुठलंही अडीच इंची साटा एन्क्लोजर चालतं.

गोंधळ होतो तो एम डॉट टू पट्टीत, म्हणजे डबी नसलेल्या, उघड्या चिपांच्या पातळ एसएसडीत. आकार एकच, पण आत दोन वेगळ्या जाती आहेत. एक साटावर चालते, दुसरी पीसीआयई ह्या जास्त वेगवान मार्गावर एनव्हीएमई पद्धतीने. साटाच्या एन्क्लोजरमध्ये एनव्हीएमई पट्टी चालत नाही, आणि नुसत्या एनव्हीएमईच्या एन्क्लोजरमध्ये साटा पट्टी चालत नाही. पट्टी काही वेळा आत बसतेसुद्धा, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि माणूस समजतो की एसएसडीच मेली.

सोनेरी दात असलेल्या कडेकडे बघा. एकच खाच असेल तर ती एम की, म्हणजे जवळजवळ नक्की एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बी आणि एम दोन्ही की. अशा पट्ट्या बहुतेक साटा असतात, पण दोन लेनच्या काही एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा आहेत. म्हणून शेवटचा शब्द लेबलचा. लेबलवर 'एनव्हीएमई' किंवा 'पीसीआयई' असेल तर प्रश्न मिटला. 'साटा' किंवा '६ जीबी पर सेकंद' असेल तर ती साटा. नुसत्या ब्रँडवरून किंवा मालिकेच्या नावावरून ठरवू नका. सॅमसंगची ८६० इव्हो एम डॉट टू साटा आहे, ९७० इव्हो एनव्हीएमई. डब्ल्यूडी ब्लू नावाखाली एसए५१० साटा आहे आणि एसएन५७० एनव्हीएमई. क्रुशलची एमएक्स५०० साटा, पी३ एनव्हीएमई. लेबल फाटलं असेल तर एसएसडी काढण्याआधी, ती लॅपटॉपमध्ये असतानाच, क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. इंटरफेसच्या ओळीत जात लिहिलेली दिसते.

तिसरी गोष्ट लांबी. २२८० ह्या आकड्यात पहिला २२ म्हणजे रुंदी आणि ८० म्हणजे लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. छोट्या लॅपटॉपमधून २२३० किंवा २२४२ पट्टीही निघते. काही एन्क्लोजरमध्ये फक्त २२८० चं भोक असतं, तिथे लहान पट्टी अडकवायला काही नसतं. त्यामुळे ३०, ४२, ६० आणि ८० ह्या चारही जागा असलेलं एन्क्लोजर घ्यावं.

जुन्या लॅपटॉपांमध्ये एमसाटा नावाची आखूड, रुंद पट्टी असायची. ती एम डॉट टू नव्हे, तिचं एन्क्लोजर वेगळं येतं. २०१३ ते २०१७ च्या काही मॅकबुकमधली पट्टीही एम डॉट टूसारखी दिसते, पण तिचा कनेक्टर ॲपलचा स्वतःचा आहे. बाजारातल्या नेहमीच्या एन्क्लोजरमध्ये ती बसणार नाही, जोर लावू नका.

खोक्यावर 'एनजीएफएफ' लिहिलेलं असेल तर जास्त सावध राहा. एम डॉट टूचंच ते जुनं नाव, पण बाजारात हा शब्द फक्त साटा चालणाऱ्या स्वस्त एन्क्लोजरसाठी वापरला जातो. एनव्हीएमई पट्टी घेऊन गेलेल्या माणसाची इथेच फसगत होते.

आणि खर्च करण्याआधी एसएसडीची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आरोग्याची टक्केवारी फार उतरलेली असेल किंवा 'कॉशन' दिसत असेल, तर एन्क्लोजरवर पैसे घालू नका. १२० जीबीच्या साटा एसएसडीसाठी महागडं एन्क्लोजर घेणं पटत नाही. तिला सगळ्यात साधा डबा पुरे. डेस्कटॉपमध्ये किंवा दुसऱ्या लॅपटॉपमध्ये एम डॉट टूची रिकामी जागा असेल, तर पट्टी तिथेच बसवणं सगळ्यात उत्तम. आत जो वेग मिळतो तो यूएसबीवर मिळत नाही.

वेग कुठे अडतो

एसएसडी, एन्क्लोजरमधली चिप, केबल आणि पोर्ट ह्या चारांत जो सर्वांत हळू, त्याचाच वेग मिळतो. एकावर कितीही खर्च केला तरी बाकीचे तीन त्याला ओढून खाली आणतात.

यूएसबी २.० वर सेकंदाला साधारण ३५ ते ४० एमबी मिळतात. ५ जीबीपीएसच्या (सेकंदाला ५ गिगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) पोर्टवर ४०० ते ४५०. १० जीबीपीएसवर हजाराच्या आसपास. २० जीबीपीएसवर दोन हजारांच्या आसपास, आणि ४० जीबीपीएसच्या यूएसबी४ वर तीन हजार किंवा त्याहून थोडं वर. नावांचा घोळ यूएसबीवाल्यांनीच घातला आहे. २००८ चं यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झालं आणि नंतर ३.२ जेन १, पण वेग तोच, ५ जीबीपीएस. त्यामुळे '३.२' हा आकडा बघून काहीच कळत नाही. खोक्यावर जीबीपीएसचा आकडा शोधा.

साटा एसएसडी स्वतःच ५५० च्या पुढे जात नाही. तिला ५ जीबीपीएसचं एन्क्लोजर पुरतं. १० जीबीपीएसचं घेतलं तर फरक पडतो, पण शेकडा वीस-पंचवीस एवढाच. एनव्हीएमईला १० जीबीपीएस ही योग्य जागा. २० जीबीपीएसचं एन्क्लोजर घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तो मार्ग फार थोड्या लॅपटॉपांत असतो, आणि बहुतेक मॅकवर तो चालत नाही, तिथे १० वरच येतो. यूएसबी४ चं पोर्ट असलं म्हणून २० चालेलच असंही नाही, कारण यूएसबी४ च्या मानकात ते ऐच्छिक ठेवलं आहे. म्हणजे पैसे २० चे आणि वेग १० चा.

४० जीबीपीएसचं यूएसबी४ एन्क्लोजर अशांनी घ्यावं, ज्यांच्या लॅपटॉपला यूएसबी४ किंवा थंडरबोल्ट (टाइप-सी तोंडाचंच, जास्त वेगाचं) पोर्ट आहे आणि जे बाहेरच्या ड्राइव्हवरूनच रोज एडिटिंग करतात. त्यात एएसमीडियाची एएसएम२४६४पीडी चिप असेल तर साध्या यूएसबी पोर्टवरही ते कमी वेगाने चालतं. जुनी, फक्त थंडरबोल्ट ३ ची काही एन्क्लोजर साध्या यूएसबी पोर्टला लावली तर दिसतच नाहीत. सेकंडहँड घेताना हे विचारायला विसरू नका.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांसाठी हिशेब मांडून बघू. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के व्हिडिओ तासाला ४५ जीबी होतो. दोन कॅमेरे, हळदीपासून वरातीपर्यंत सहा तासांचं चित्रण, म्हणजे ५४० जीबी. एसडी कार्ड यूएचएस-१ चं असेल तर ते स्वतःच सेकंदाला सहसा ९०-१०० एमबीपेक्षा जास्त देत नाही. कार्डावरून थेट एसएसडीवर घेताना ४० जीबीपीएसच्या एन्क्लोजरने एक मिनिटही वाचणार नाही. तेच ५४० जीबी लॅपटॉपमधून १० जीबीपीएसच्या एन्क्लोजरवर टाकायचे, तर कागदावर नऊ मिनिटं. पण चुकून यूएसबी २.० ची केबल लावली, तर पावणेचार तास.

त्या नऊ मिनिटांतही एक मेख आहे. स्वस्त क्यूएलसी (मेमरीच्या एका पेशीत चार बिट ठेवणारी) एसएसडी सुरुवातीचा काही भाग वेगवान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, घेते, आणि तो भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास कोसळतो. समजा कॅश १०० जीबीची आहे, तर उरलेल्या ४४० जीबीला सव्वा तास लागेल. एन्क्लोजर बदलून हे सुधारत नाही. अशी मोठी कॉपी रोजची असेल तर टीएलसी (एका पेशीत तीन बिट ठेवणारी) एसएसडी वापरा. शिवाय ज्या एनव्हीएमई पट्टीवर स्वतःची डीरॅम (कामापुरती वेगवान मेमरी) नसते, ती लॅपटॉपमध्ये असताना लॅपटॉपची रॅम उसनी घेते. यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये ती सोय बंद होते, आणि बारीकसारीक हजारो फाइलींची कॉपी आधीपेक्षा हळू वाटते. तो बिघाड नाही.

चिप विचारा

एन्क्लोजर म्हणजे खरं तर एक पूल-चिप, म्हणजे एसएसडी आणि यूएसबी ह्यांना जोडणारी चिप, आणि तिच्याभोवती डबा. डबा कुणाचाही असो, वागणूक चिप ठरवते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "ह्यात एनव्हीएमई चालतंय काय, का नुसतं साटा?" आणि दुसरा "चिप कुठली हाय ह्यात?" काउंटरवर उत्तर नसेल तर त्याच मॉडेलचं पान मोबाइलवर उघडून बघा. चिपचं नाव कुठेच सापडलं नाही, तर ते मॉडेल बाजूला ठेवा.

एनव्हीएमई आणि साटा दोन्ही चालवणारी चिप म्हणजे रिअलटेकची आरटीएल९२१०बी. शेवटचा 'बी' महत्त्वाचा. नुसती आरटीएल९२१० फक्त एनव्हीएमई घेते. जात नक्की ठरत नसेल किंवा पुढे दुसरी एसएसडी बसवायची शक्यता असेल, तर 'बी'वालीच घ्या. फक्त एनव्हीएमईसाठी जेमायक्रॉनची जेएमएस५८३ आणि एएसमीडियाची एएसएम२३६२ ह्याही १० जीबीपीएसच्या. अडीच इंची साटासाठी जेएमएस५७८ आणि एएसएम११५३ई ५ जीबीपीएसच्या, जेएमएस५८० आणि एएसएम२३५सीएम १० च्या.

यूएएसपी आहे का तेही बघा. ही पद्धत नसेल तर एन्क्लोजर एका वेळी एकच हुकूम घेतं आणि लहान फाइलींत अडखळतं. घरी आणल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टोरेज कंट्रोलर्स' उघडा. तिथे 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय' असं नाव आलं तर यूएएसपी चालू आहे. 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस' एवढंच दिसलं तर नाही.

खोक्यावर लिहिलेली चिप खरंच आत आहे का, हेही त्याच ठिकाणी कळतं. त्या उपकरणाच्या गुणधर्मांमध्ये 'डिटेल्स' टॅबवर 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हीआयडी' नंतर ०बीडीए असेल तर रिअलटेक, १५२डी असेल तर जेमायक्रॉन, १७४सी असेल तर एएसमीडिया. परत करायची मुदत संपण्याआधी हे एकदा बघून घ्या आणि बिल जपून ठेवा.

उष्णता आणि वीज

एनव्हीएमई एन्क्लोजर प्लास्टिकचं घेऊ नका. जोरात काम करताना एनव्हीएमई पट्टी ५ ते ८ वॅट खाते, आणि ती सगळी ऊष्णता त्या छोट्या डबीतून बाहेर पडायची असते. बहुतेक पट्ट्या ७० ते ८० अंशांच्या दरम्यान स्वतःला आवरतात आणि वेग पाडतात. मे महिन्याच्या दुपारी खोलीतच ३५-३६ अंश असतात, तेव्हा हिवाळ्यात नीट चालणारं एन्क्लोजर धापा टाकू लागतं. जाड ॲल्युमिनियमचा, बाहेरून खाचा असलेला डबा घ्या. कॉपी चालू असताना डबा हाताला चांगला गरम लागला तर घाबरू नका, आतली उष्णता बाहेर येते आहे असा त्याचा अर्थ. आत तापमान ७५ आणि डबा कोमट, हे वाईट. थर्मल पॅड टेकलेलंच नाही. साटा एसएसडी फार तापत नाही, तिला प्लास्टिकचा डबा चालतो.

बारका पंखा असलेलं एन्क्लोजर घराच्या टेबलावर ठीक. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याच्या शेडमध्ये ते नको. कुलंटची (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) वाफ आणि लोखंडाची बारीक पूड जाळीतून आत ओढली जाते आणि ती पूड वीज वाहून नेते. तिथे बंद ॲल्युमिनियमचा डबाच हवा. प्रोग्रॅमचा बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घ्यायला हा डबा छान, पण सीएनसी मशीनला थेट लावायला साधा लहान पेन ड्राइव्हच बरा. मशीनचे जुने कंट्रोलर एफएटी३२ ह्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आणि कमी क्षमतेची ड्राइव्ह मागतात, आणि त्यांच्या पोर्टला एनव्हीएमईची भूक झेपत नाही.

ही भूक आकड्यांत बघा. यूएसबी २.० च्या पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३ च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर, साडेचार वॅट. टाइप-सी पोर्ट साडेसात किंवा पंधरा वॅटपर्यंत देऊ शकतं. म्हणजे जुन्या पोर्टवर एनव्हीएमई एन्क्लोजर दिसतं, वाचतं, आणि मोठी फाइल लिहायला घेतली की 'टुडुंग' आवाज करून गायब होतं. टीव्हीला लावून सिनेमे बघायचे असतील तर म्हणूनच अडीच इंची साटा बरी. ती कमी वीज खाते, आणि टीव्हीला वेग लागतोच किती?

आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या प्रो मॉडेलवर थेट बाहेरच्या एसएसडीत प्रोरेस (ॲपलचा मोठ्या फाइलींचा, उच्च दर्जाचा व्हिडिओ प्रकार) चित्रण करता येतं. तिथे साडेचार वॅटची मर्यादा, सेकंदाला किमान २२० एमबी लिहिण्याचा वेग आणि १० जीबीपीएसची केबल लागते. ह्यासाठी कमी वीज खाणारी पट्टी निवडा. थंडरबोल्टची एन्क्लोजर इथे टाळा.

केबल

मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते. टोक सारखंच, आत तारा कमी. एन्क्लोजरबरोबर आलेली केबल त्याच डबीला बांधून ठेवा आणि चार्जिंगला वापरू नका. वेगळी घ्यायची तर १० जीबीपीएसला एक मीटरपेक्षा लांब नको, ४० ला ०.८ मीटरपर्यंतच. साध्या अडीच इंची एन्क्लोजरला रुंद मायक्रो-बी तोंड असतं. ते खेचाखेचीने लवकर सैल होतं. थोडे पैसे जास्त जात असले तरी टाइप-सीवालंच घ्या.

डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला आतून एक लांब वायर गेलेली असते. तिथे १० जीबीपीएस बऱ्याचदा टिकत नाही, मागचं पोर्ट वापरा. आणि एक बारीक गोष्ट: चौकोनी टाइप-ए प्लग फार हळू आत ढकलला तर आतल्या यूएसबी २.० च्या पट्ट्या आधी टेकतात आणि ड्राइव्ह त्या हळू वेगावरच जोडली जाऊ शकते. वेग ४० वर अडकला असेल तर काढून एका दमात पुन्हा लावा.

बसवताना

सपाट टेबलावर कापड पसरा. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. हिवाळ्यात, हवा कोरडी असताना हे चुकवू नका. पट्टी कडेने धरा, दातांना बोट लावू नका.

पट्टी कनेक्टरमध्ये साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवा. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग दुसरं टोक हळूच खाली दाबा आणि रबराची खुंटी किंवा एम२ मापाचा बारीक स्क्रू लावा. स्क्रूवाला डबा घेत असाल तर एक जादा स्क्रू आहे का बघा. तो फरशीवर पडला की सापडत नाही. रबराची खुंटी सोपी, पण वारंवार पट्ट्या बदलायच्या असतील तर ती झिजते.

आता थर्मल पॅड. त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची फिल्म असते आणि दोन्ही काढायच्या असतात. एक बाजू सोलून दुसरी तशीच ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे, आणि एन्क्लोजर तापतं अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा तिथेच निघतं. पॅड कंट्रोलर आणि मेमरीच्या चिपा झाकेल असं ठेवा. एसएसडीवरचं लेबल काढू नका. काढल्याने वॉरंटी जाऊ शकते, आणि लेबलमुळे उष्णता फारशी अडतही नाही. झाकण बंद करून पुन्हा उघडा आणि पॅडवर झाकणाचा ठसा उमटला आहे का बघा. ठसा नसेल तर पॅड पातळ आहे, त्याहून अर्धा मिलिमीटर जास्त जाड घ्या. झाकण लावताना पट्टी वाकत असेल तर पॅड जाड आहे. दोन्ही बाजूंना चिपा असलेल्या पट्टीला खालूनही पातळ पॅड द्या.

डब्याचे स्क्रू आवळताना हात राखून. ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

पहिल्यांदा जोडल्यावर

'फॉरमॅट करायचं का' असा प्रश्न आला तर लगेच 'हो' दाबू नका. जुना डेटा हवा असेल तर आधी 'कॅन्सल'. विंडोज १० आणि ११ च्या अनेक लॅपटॉपांत ड्राइव्ह आपोआप विंडोजच्याच बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. अशी ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. लॅपटॉप चालू असतानाच, एसएसडी काढण्याआधी, ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. लॅपटॉप बंद पडलेला असला तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून अकाउंटमध्ये जाऊन ती बघता येते. की नसेल तर कुठलंही एन्क्लोजर किंवा दुरुस्तीचं दुकान तो डेटा उघडू शकत नाही.

ड्राइव्ह 'धिस पीसी'त दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती 'अनअलोकेटेड' असेल तर फॉरमॅट करायची बाकी आहे. 'ऑफलाइन' असेल आणि तुम्ही तिचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करून नवी एसएसडी बसवली असेल, तर दोघींची सही एकच झाल्यामुळे विंडोजने हिला थांबवलं आहे. उजवं क्लिक करून 'ऑनलाइन' करा.

जुन्या विंडोजचे लहान लहान भाग साध्या फॉरमॅटने जात नाहीत. त्यासाठी डिस्कपार्ट (विंडोजमधलं, हुकूम टाइप करून चालणारं साधन) उघडून 'लिस्ट डिस्क' द्या, आकार बघून आपली डिस्क ओळखा, 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा क्रमांक द्या, मग 'क्लीन'. क्रमांक चुकला तर दुसऱ्या डिस्कचे सगळे भाग पुसले जातात आणि तो हुकूम पुन्हा विचारत नाही. म्हणून 'क्लीन' देण्याआधी पुन्हा एकदा 'लिस्ट डिस्क' द्या आणि चांदणी बरोबर ओळीसमोर आहे ना, ते बघा. नंतर जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) करून फॉरमॅट. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस, विंडोज आणि मॅक दोन्हींवर न्यायची असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा केबल निघाली तर फाइलींची यादी बिघडू शकते. यूपीएसशिवायच्या डेस्कटॉपवर एनटीएफएसच बरं. एफएटी३२ नको, चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही.

मग वेग मोजणारा क्रिस्टलडिस्कमार्क चालवा. ४० आलं तर केबल किंवा पोर्ट यूएसबी २.० वर आहे, ४५० आलं तर ५ जीबीपीएस, हजार आलं तर १०.

बॅकअपसाठी ठेवायची असेल तर

एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता पडू देऊ नका. मेमरीतला विद्युतभार हळूहळू गळतो, जुन्या झिजलेल्या पट्टीत जास्त लवकर. घरगुती एसएसडीसाठी जेडेक ह्या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात, लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपल्यावर ३० अंशांवर वीज नसताना एक वर्ष डेटा टिकावा अशी अपेक्षा आहे. तीन-चार महिन्यांतून एकदा जोडा, सगळं वाचता येतं का बघा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतीलच. नदीकाठच्या भागात राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की ही डबी कागदपत्रांच्या पिशवीत गेली पाहिजे, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. आणि दुकानाचा हिशेब, फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन असं जे परत मिळणार नाही, त्याची एक प्रत दुसऱ्या गावात नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर असू द्या. एकाच डबीत असलेला डेटा हा बॅकअप नव्हे.

मध्येच तुटत असेल तर

ह्या क्रमाने शोधा, कारण स्वस्त आणि सोपं कारण आधी तपासलेलं बरं. पहिली केबल बदला. मग पोर्ट, आणि हब मध्ये असेल तर तो काढा. लिहितानाच तुटते आणि वाचताना नाही, असं असेल तर वीज कमी पडते आहे. टाइप-सी पोर्ट किंवा स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब वापरून बघा. दहा-पंधरा मिनिटं चांगली चालून मग तुटत असेल तर तापमान बघा. काहीच न करता ठेवल्यावर गायब होत असेल तर ती झोप आहे. काही चिपा थोडा वेळ काम नसलं की झोपतात आणि नीट उठत नाहीत. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, आणि तरी चालू राहिलं तर एन्क्लोजरच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचं नवं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) आहे का बघा. फर्मवेअर घालण्याआधी आतला डेटा दुसरीकडे घ्या आणि दुसऱ्या मॉडेलचं फर्मवेअर चुकूनही घालू नका, चिप कायमची बंद पडू शकते.

साटा एसएसडीत क्रिस्टलडिस्कइन्फोच्या 'सी७' ओळीतला सीआरसी त्रुटींचा (डेटा ने-आण करताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर एसएसडी आणि एन्क्लोजर ह्यांच्यातला कनेक्टर सैल आहे किंवा मळला आहे. पट्टी काढून पुन्हा बसवा. एवढं करूनही तुटत असेल तर तीच एसएसडी दुसऱ्या कुणाच्या एन्क्लोजरमध्ये घालून बघा. तिथे चालली तर तुमचं एन्क्लोजर बिलासह दुकानात परत न्या. तिथेही तशीच तुटली तर दोष एसएसडीत आहे. जो डेटा निघतो तो त्याच बैठकीत काढून घ्या.